७१ दिवस रोज योग, ७२व्या दिवशी खंड, आणि मग तीन आठवडे चटईच उलगडली नाही

लालपेन

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज विचारायची वेळ आली. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

वय ४४. काम मुद्रितशोधनाचं, म्हणजे दिवसाचे सात-आठ तास खुर्चीत, मान खाली आणि डोळे दुसऱ्यांच्या चुकांवर. पाठ बोलायला लागली म्हणून योगासनं सुरू केली आणि आवडलीही. अडचण आवडीची नाही. मला कुठलीही गोष्ट बेताने करता येत नाही, ही अडचण आहे.

या खेपेचा बेत असा होता. पहाटे साडेचारला उठायचं. २७ सूर्यनमस्कार, मग उभी-बैठी आसनं, शेवटी पश्चिमोत्तानासन तीन मिनिटं. पंधरा मिनिटं प्राणायाम, दहा मिनिटं ध्यान. रात्री रोजनिशी आणि योगनिद्रा. दाराच्या मागे कॅलेंडर, आणि सगळं पार पडलेल्या दिवसावर लाल पेनाने बरोबरची खूण. अर्धवट झालं तर खूण नाही. हा नियमही माझाच, दुसऱ्या कुणी लादलेला नाही.

अशा ७१ खुणा झाल्या. ७२व्या दिवशी मुलाला ताप. गजर वाजला तेव्हा मी त्याच्या कपाळावरची ओली पट्टी बदलत होते. गजर बंद केला, आणि सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी तापापेक्षा रिकाम्या राहणाऱ्या चौकटीचं जास्त वाईट वाटलं. मुलगा दोन दिवसांत उड्या मारायला लागला. मी मात्र अजून तिथेच आहे. चटईची गुंडाळी कपाटाला टेकून उभी असते आणि जाता-येता मी तिच्याकडे बघायचं टाळते.

ही तिसरी वेळ. आधी ४० दिवसांवर तुटलं होतं, नंतर ५८ वर. आकडा वाढतोय म्हणून प्रगती म्हणायची तर म्हणा.

एक कबुली. शेवटचे दोन-तीन आठवडे मजा संपलीच होती. शवासनात डोळे मिटून मी पुढच्या प्रकरणातल्या वेलांट्या तपासायची. दुपारी तीनला डोकं जड, संध्याकाळी घरच्यांवर चिडचिड, रात्री अंग दमलेलं पण झोप उथळ. शिवाय उजव्या बाजूला, बसताना जे हाड खुर्चीला टेकतं तिथे, खोल आत ठसठस सुरू झाली. मला वाटलं ताण कमी पडतोय, म्हणून पश्चिमोत्तानासन तीनचं पाच मिनिटांवर नेलं.

विचारायचं एवढंच: जे लोक वर्षानुवर्षं करतात ते नक्की काय करतात? प्रेरणा नको, ती माझ्याकडे पोत्याने आहे.

---

शवासनप्रेमी

लालपेन, तुमचा दिनक्रम वाचूनच मी आडवा झालो.

गंमत सोडा. हठयोगप्रदीपिका या जुन्या संस्कृत ग्रंथात पहिल्याच उपदेशात, १५व्या श्लोकात, योग बुडवणाऱ्या सहा गोष्टी दिल्यात: अत्याहार (अति खाणं), प्रयास, प्रजल्प (वायफळ बडबड), नियमाग्रह, जनसंग (लोकांची संगत) आणि लौल्य (चंचलपणा). त्यातली दुसरी आणि चौथी परत वाचा. प्रयास म्हणजे अंग मोडेस्तोवर कष्ट, आणि नियमाग्रह म्हणजे तुमचं दारामागचं कॅलेंडर. स्वात्मारामांनी हे १५व्या शतकात लिहून ठेवलंय, तेव्हा गजर नव्हते पण माणसं हीच होती.

माझा स्वतःचा सराव विचारू नका, आयडीवरून अंदाज आला असेलच.

---

चटईवाली

ताई, बाकीचं नंतर बोलू, आधी ते दुखणं. पश्चिमोत्तानासन आजपासून बंद. पादहस्तासन, हनुमानासन, पाय ताणून पुढे वाकायचं जे जे काही आहे ते सगळं बंद.

मी १४ वर्षं वर्ग घेते आणि हे दुखणं दर वर्षी दोघा-चौघांना तरी होताना बघते, बहुतेक वेळा सगळ्यात मन लावून करणाऱ्यांनाच. मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंग स्नायू जिथून निघतात ते हेच बैठकीचं हाड. तिथे स्नायू हाडाला टेंडनने, म्हणजे कंडरेने, बांधलेला असतो. पूर्ण पुढे वाकलं की ती कंडरा ताणलीही जाते आणि हाडावर दाबलीही जाते. वर तुम्ही दिवसाचे आठ तास नेमक्या त्याच जागेवर बसता.

जरा हिशेब करा. बारा स्थितींच्या एका सूर्यनमस्कारात पादहस्तासन दोनदा येतं, तिसऱ्या आणि दहाव्या स्थितीत. २७ नमस्कार म्हणजे ५४ वेळा. ७१ दिवसांचे झाले ३८३४. पर्वतासनात त्याच जागेवर ताण येतो, तो यात धरलेलाच नाही. आणि हे सगळं पहाटे, अंग आखडलेलं असताना.

अशी कंडरा ताणून बरी होत नाही, उलट चिडते. तिला हवं असतं हळूहळू वाढवत नेलेलं वजन, म्हणजे स्नायूने ताकद लावायची पण खोल वाकायचं नाही. सेतुबंधासनापासून सुरुवात होते: पाठीवर झोपून, गुडघे मोडून, कंबर उचलायची, थांबायचं, सावकाश खाली आणायची. पण आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. कमरेतून उतरणारं दुखणंही कधी कधी तिथेच जाणवतं आणि त्याचा उपाय वेगळा. मी लिहिलंय ते वाचून स्वतःच निदान करून बसू नका. तुमचा स्वभाव आता थोडा कळलाय म्हणून सांगते.

आणि हो, कंडरेला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे हे महिन्यांचं काम असतं, आठवड्यांचं नाही.

---

पहाटपक्षी

वर सगळे सवलती वाटत बसलेत म्हणून लिहितो. वय ६१, गेली १९ वर्षं रोज पहाटे पाच वाजता चटईवर. प्रवास असो, पाहुणे असोत. मन हे वासरू आहे, दावं सैल केलं की गेलंच ते शेतात. आज करू का नको असं मनाला विचारायचंच नसतं. विचारलंत की हरलात.

शवासनप्रेमी, श्लोक अर्धाच वाचायची सवय दिसते. लगेच पुढचा, १६वा बघा: उत्साह, साहस, धैर्य, तत्त्वज्ञान, निश्चय आणि लोकांची संगत टाळणं, या सहांनी योग साधतो. त्यात निश्चय आहे की नाही? आणि नियमाग्रह हा शब्द नियम अधिक अग्रह असाही फोडता येतो. अग्रह म्हणजे न धरणं. नियम न पाळल्याने योग बुडतो, असा सरळ अर्थ.

---

लालपेन

पहाटपक्षी काका, तुम्ही माझ्या धंद्याच्या जागेवरच बोट ठेवलंत, आता उत्तर दिल्याशिवाय राहवणार नाही.

संधी दोन्ही प्रकारे सुटतो, नियम अधिक अग्रह आणि नियम अधिक आग्रह, मान्य. पण शब्द शेजाऱ्यांवरून ओळखायचा असतो. यादीत आधी काय आहे? अत्याहार, प्रयास, प्रजल्प. सगळ्या अति केल्याच्या तक्रारी. मधेच एक कमी केल्याची तक्रार कशी बसेल? शिवाय प्रदीपिकेवरच्या ब्रह्मानंदांच्या ज्योत्स्ना टीकेत इथे उदाहरण गार पाण्याने पहाटे आंघोळ करण्यासारख्या नियमांचं आहे, म्हणजे नियम धरून बसण्याचंच. तेव्हा माझं मत आग्रहाला.

(हे लिहिताना तासभर गेला. चटई अजून कपाटाशीच. पण तीन आठवड्यांत पहिल्यांदा योगाबद्दल काहीतरी करताना बरं वाटलं, हेही नोंदवून ठेवते.)

चटईवाली ताई, ३८३४ हा आकडा वाचून घाम फुटला. फिजिओची वेळ घेतलीये.

---

चटईवाली

काका, एक भोचक प्रश्न. तुमचा रोजचा सराव किती वेळाचा?

---

पहाटपक्षी

पंचवीस मिनिटं. अंग बरं नसेल तर पंधरा. मागे चिकनगुनिया झाला होता तेव्हा दीड महिना नुसता चटईवर बसून श्वास मोजत होतो, दहा श्वास, झालं. पण वेळ पाचचीच.

---

शवासनप्रेमी

काका!! दहा श्वास?! आणि आम्हाला वासराच्या गोष्टी सांगता!

---

चटईवाली

हसू नका, लालपेनच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. काका वेळेला कडक आहेत आणि मापाला सैल. लालपेन ताई, तुम्ही दोन्हीकडे कडक होतात. काकांना चिकनगुनिया झाला तरी त्यांचा खंड पडला नाही, कारण त्यांच्या हिशेबात दहा श्वास म्हणजेही सराव झाला. तुमच्या हिशेबात ऐंशी टक्के म्हणजे शून्य. अशा हिशेबात कुणीही कधीतरी नापास होणारच, ताप नसता तर दुसरं काही निघालं असतं.

माझंही एकदा झालंय. दिवसाला चार वर्ग घ्यायची, सगळ्यांना श्वासाकडे लक्ष द्या म्हणून सांगायची आणि स्वतःचा सराव सहा महिने नाही. चटई दिसली की कामाची आठवण यायची. तेव्हा एक वर्ग सोडला आणि त्या वेळात काहीही न शिकवता, न मोजता, मनाला येईल ते एकच आसन करायचं ठरवलं. पहिले काही दिवस फक्त बालासनात पडून राहिले. वर्गातल्या कुणी पाहिलं असतं तर फी परत मागितली असती.

आणखी एक. तुम्ही लिहिलंत की दमूनही झोप उथळ, चिडचिड, दुपारी डोकं जड. हे आळसाचं लक्षण नव्हे. शरीराला भरून यायला वेळ मिळत नसला की असंच होतं. झोप आधीच कमी असेल आणि त्यातून पहाटेचे दीड तास कापून काढले, तर तो योग झोपेच्या खात्यातून उसना घेतलेला असतो. तुम्ही रात्री किती वाजता झोपत होतात?

---

लालपेन

साडेअकरा. कधी बारा. योगनिद्रा संपायला.

लिहून झाल्यावर माझं मलाच दिसलं. झोपेसाठीची योगनिद्रा करायला मी झोप कमी करत होते.

---

रात्रपाळी

मी नर्स आहे. महिन्यातले काही आठवडे रात्रपाळी, त्यामुळे पाच वाजताचं व्रत मला शक्यच नाही. पहाटे पाचला मी कुणाचं तरी सलाईन बदलत असते. काका, रागावू नका, पण ठरावीक वेळ हीसुद्धा चैन आहे.

मी वेळेऐवजी एका कृतीला बांधलंय. घरी आले, बूट काढले, हात-पाय धुतले की जमिनीवर पाठ टेकायची आणि पोटऱ्या खुर्चीवर ठेवायच्या. मग ती सकाळ असो की रात्र. दहा मिनिटं. श्वास घ्यायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा सोडायला जरा जास्त लावायचा, जबरदस्ती न करता. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात. मॉनिटरवर हे रोज दिसतं, त्यामुळे मला यात काही गूढ वाटत नाही. पाळी संपवून आल्यावर कपालभाती करून बघितली होती एकदा, दुपारपर्यंत छताकडे बघत होते.

सुट्टीच्या दिवशी मात्र पाऊण तास व्यवस्थित आसनं. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये मोठ्या माणसांसाठी मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटं सांगितलीत ती आठवड्याची, दिवसाची नव्हेत. आणि एका वेळी निदान दहा मिनिटं तरी हवीत ही आधीची अटही त्यात काढून टाकली. संथ आसनं मध्यम श्रमात धरता येतील असं नाही, मी जिने आणि चालणं वेगळं धरते. पण हिशेब आठवड्याचा ठेवला की एखादा वाईट दिवस त्यात मावून जातो.

---

शवासनप्रेमी

रात्रपाळी, +१. खुर्चीवर पोटऱ्या हे माझ्या पातळीचं आसन आहे, आजपासून सुरू.

त्या ७१ दिवसांवरून आठवलं. सवय २१ दिवसांत लागते असं सगळे सांगतात, त्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनपर्यंत जातो. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपला नवा चेहरा ओळखीचा वाटायला साधारण तीन आठवडे लागतात, असं त्याने १९६० साली लिहिलं. नाकाचा हिशेब लोकांनी योगाला लावला. पुढे २००९ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी ९६ जणांवर १२ आठवडे अभ्यास केला, त्यात सवय अंगवळणी पडायचा मधला आकडा आला ६६ दिवस. पण पसरट किती? १८ पासून २५४ पर्यंत. २५४ हा अर्थातच गणिताने पुढे वाढवून काढलेला, कारण अभ्यास ८४ दिवसांचाच होता. व्यायामाच्या सवयीला पाणी पिण्यासारख्या सोप्या सवयीपेक्षा बराच जास्त वेळ लागला.

आणि लालपेन, तुमच्यासाठी खास: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही, असंही त्यातच आढळलं. म्हणजे ७२व्या दिवसाने तुमचं काही बिघडवलं नव्हतं. ७३व्या दिवशी तुम्ही स्वतः बिघडवलंत.

---

पहाटपक्षी

हे शेवटचं वाक्य पटलं. माझ्याच मताचं आहे, फक्त उलट्या बाजूने आलंय.

लालपेन, अग्रह की आग्रह, तुमची शेजाऱ्यांची युक्ती चांगली आहे. दोन दिवस विचार करून मान्य करतो. निश्चय मात्र सोडणार नाही.

---

लालपेन

(आठ आठवड्यांनी)

धागा वर काढतेय, कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत आणि मी गायब झाले.

फिजिओने पाय वेगवेगळ्या कोनांत वाकवून, दाबून बघितलं आणि चटईवाली ताई म्हणाल्या तेच निघालं. खुर्चीवर गादी घेतली आणि आता चाळीस मिनिटांनी उठते. उठायचं लक्षात राहत नव्हतं, म्हणून प्रुफांचे गठ्ठेच बारा-बारा पानांचे केले आणि पुढचा गठ्ठा मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवते.

साडेचारचा गजर काढून टाकला. पहिला आठवडाभर तरीही साडेचारला जाग यायची आणि अपराध्यासारखी पडून राहायचे. आता सहाला उठते आणि बारा मिनिटं करते. त्यात सेतुबंधासन, थोडं मार्जरासन, गुडघे मोडून अर्धंच पुढे वाकणं, आणि शवासन. सूर्यनमस्कार अजून नाहीत. रविवारी हवं तितकं, पण पाऊण तासाच्या पुढे नाही. ही वरची मर्यादा मला खालच्या मर्यादेपेक्षा जास्त जड जाते. दोनदा मोडली, दोन्ही वेळा मंगळवारपर्यंत ठसठस होती.

प्राणायाम दुपारी तीनला हलवला, डोकं जड होण्याच्या वेळेला. पाच मिनिटं, खुर्चीतच. ध्यान सध्या नाही. जमेल तेव्हा बघू. योगनिद्रेला रजा दिली, त्या वेळात झोपते.

कॅलेंडरचं सांगायचं तर, आधी फाडून टाकणार होते. मग रात्रपाळीचा आठवड्याचा हिशेब आठवला. आता दिवसाला खूण नाही. रविवारी रात्री आठवड्याच्या ओळीपुढे एक आकडा लिहिते, किती दिवस चटई उलगडली त्याचा. आतापर्यंत: ५, ६, ४, ६, २, ५, ६, ५. तो दोनचा आठवडा मोठ्या पुस्तकाच्या घाईचा होता. त्या रविवारी पेन हातात घेऊन बराच वेळ बसले होते. दोन लिहिलं. सोमवारी सकाळी चटई उलगडली. हे माझ्या बाबतीत याआधी कधी झालेलं नाही.

काका, परवा ताप आला होता तेव्हा तुमचे दहा श्वास केले. सातव्याला झोप लागली.

चटईवाली ताई, एक विचारायचं होतं. सेतुबंधासन आता एका पायावर करून बघू का?

---

चटईवाली

दोन्ही पायांवर सलग वीस वेळा, सावकाश, न दुखता जमतं का?

---

लालपेन

अठरा. एकोणिसाव्याला मी लबाडी करते.